ते एकदाच विचारतात

बिरादार मॅडमचा आवाज मला आधी माहीत झाला, चेहरा नंतर. लातूरला क्लासेसच्या गल्लीत मी फिजिक्स शिकवायला जागा घेतली, तेव्हा मालकानं एका लांबलचक हॉलच्या मधोमध प्लायवूड ठोकून त्याचे दोन वर्ग केले होते. अलीकडे माझं फिजिक्स, पलीकडे मॅडमचं स्पोकन इंग्लिश. प्लायवूड असं, की इकडे खिळा ठोकावा आणि तिकडचं कॅलेंडर पडावं. मी फळ्यावर घर्षणाचं गणित मांडून पोरांकडे वळलो की पलीकडून सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘शॉल आय ड्रॉप यू ऑफ अॅट द बस स्टँड?’ आणि माझ्या मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘येस, प्लीज.’ त्या वर्षी माझ्या पोरांना घर्षण किती कळलं हे त्यांचं त्यांना ठाऊक, पण बस स्टँडवर सोडतो म्हणायला सगळ्यांना येत होतं.

शेवटी एकदा भांडायचंच असं ठरवून मी मधल्या सुट्टीत पलीकडे गेलो. साठीच्या आसपासची एक ठेंगणी बाई जुन्या पायमोज्यानं फळा पुसत होती. इरकल साडी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्‌स शूज. मी आवाजाचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं की आवाज थोडा टर्न डाउन करू का? आता एवढ्या वयाच्या बाईला तोंडावर ‘हो, करा’ कसं म्हणायचं? मी म्हटलं, ‘नाही नाही, तसं काही नाही, चालू द्या.’ मॅडमनी हाताचं एक बोट वर केलं, किंचित हसल्या आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या. पुढच्या तासाला आवाज होता तेवढाच होता.

त्या बोटाचा अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळला.

मॅडमचं व्याकरणाशी वाकडं होतं. ‘ग्रामर म्हणजे घराचा नकाशा,’ असं त्या म्हणायच्या. ‘पाव्हणा आला तर त्याला नकाशा दाखवता, का बसायला पाट देता?’ त्यांच्या मते दिवसभरात माणूस माणसाशी दोनच कामांसाठी बोलतो. काहीतरी देऊ का म्हणून विचारायला, नाहीतर काहीतरी मागायला. बाकीचं बोलणं म्हणजे वेळ घालवणं. आणि या दोन कामांना इंग्रज माणूस मोठे शब्द वापरत नाही. तो वापरतो बारके शब्द, मागे शेपूट असलेले. पुट ऑन, टर्न ऑफ, पिक अप, हेल्प आउट, होल्ड ऑन. मॅडम त्यांना ‘शेपटीवाले’ म्हणत. मोठे शब्द अर्जात, शेपटीवाले घरात. एखाद्या नव्या विद्यार्थ्यानं ऑफिसच्या सवयीनं ‘काइंडली डू द नीडफुल’ म्हटलं, की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, ‘कोर्टात आलास का रे बाबा?’

पहिल्या दिवसाची त्यांची एक ठरलेली रीत होती. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा माठ असे, निलंग्याहून आणलेला, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यातलं गार पाणी तांब्यात भरून त्या टेबलावर आपल्या बाजूला ठेवायच्या. उन्हातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात रिकामे पेले. ज्याला पाणी पाहिजे त्यानं इंग्रजीत मागायचं, तेही शेपटीवाला शब्द वापरून. ‘कुड यू फिल इट अप?’ एवढं म्हटलं की झालं. वाक्य फळ्यावर लिहिलेलंच असे, त्यामुळे इंग्रजीची अडचण नव्हती. पण पोरं तहानेनं ओठ चाटत बसायची आणि मागायची नाहीत. ‘मी तुला पाणी देऊ का’ हे म्हणायला सगळे तयार, घसा फोडून तयार. ‘मला दे’ म्हणायची वेळ आली की माना खाली.

एकदा उदगीरचे एक शेठ आले. आडत दुकानाचे मालक, भरदार मिशा, बोटात अंगठ्या. परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला बायकोला घेऊन जायचं होतं, म्हणून शिकवणी. ऐन वैशाखात एसटीनं घामाघूम होऊन आलेले. त्यांच्यापुढेही मॅडमनी रिकामा पेला ठेवला. मी गॅलरीत उभा होतो, दोन्ही वर्गांची दारं तिथंच उघडत.

‘आमच्यात पाणी मागावं लागत न्हाई मॅडम,’ शेठ म्हणाले. ‘माणूस बसला की समोर येतंय.’

‘तिकडं येत नाही, शेठ. तिकडं फ्रीज दाखवतात आणि आपल्या कामाला जातात.’

बाकीच्यांनी एकेक करून मागितलं, प्याले, तास संपला, लोक गेले. शेठ हलले नाहीत आणि मॅडमही हलल्या नाहीत. मला माझ्या वर्गात जायचं होतं, पण पाय निघेना. मग केव्हातरी शेठनी पेला पुढे केला आणि खरवडलेल्या आवाजात एकेक शब्द सुटा सुटा टाकला, ‘फिल. इट. अप.’ वर ‘प्लीज’सुद्धा म्हणाले. मॅडमनी पेला काठोकाठ भरला आणि पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

पाणी पिऊन शेठनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. ‘आईला मागत होतो,’ ते म्हणाले. ‘त्येच्यानंतर कुणाला पाणी मागितलेलं याद न्हाई.’

हे सगळं बघून मला भलतंच कुतूहल लागलं. आम्ही फिजिक्सवाले, निरीक्षण हा आमचा रोग. लोकांना मागायला शिकवणारी ही बाई स्वतः कधी कुणाला काही मागते का, हे बघायचं मी मनावर घेतलं. तर नाही. खडू संपला तर माझ्या टेबलावर खोका दिसत असताना गुडघा धरत दोन जिने उतरून खाली दुकानात जायच्या. ट्यूबलाइट गेली तर स्टूलवर स्वतः चढायच्या. दुपारी खालच्या टपरीवरून चहा आला की मी हाक मारायचो. ‘घ्या मॅडम.’ ‘नको, आत्ताच झाला.’ ‘अर्धा घ्या.’ ‘नको हो, पित्त होतं.’ ‘असं कसं, घ्या थोडा.’ मग तिसऱ्यांदा हात पुढे यायचा आणि अख्खा कप, पित्तासकट, संपायचा. एकदा मी मुद्दाम तिसऱ्यांदा म्हटलंच नाही. मॅडम किटलीकडे बघत राहिल्या, हवापाण्याचं काहीबाही बोलल्या आणि तशाच उठून गेल्या. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

म्हणजे तिकडचा नियम ठाऊक असूनही त्या स्वतः आपल्यातल्याच होत्या. तो नियम, आणि ते वर केलेलं बोट, त्यांना सापडलं ते सुवर्णामुळे.

सुवर्णा निलंग्याची. ही मी यायच्या आधीची गोष्ट, मॅडमनीच पुढे सांगितलेली. खाजगी दवाखान्यात नर्स होती, बाहेरदेशीच्या हॉस्पिटलात जायची तिची धडपड चालली होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि पाठच्या बहिणीचं शिक्षण, त्यामुळे ती नोकरी तिला कुठल्याही परिस्थितीत पाहिजे होती. वर्षभर तिनं मॅडमकडे घोकलं. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, मॅडमच्याच वर्गात. मुलाखत सुरू झाली आणि नेट अडखळायला लागलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंचं एक वाक्य येई, दुसरं गिळलं जाई. त्या भल्या बाईंनी स्वतःहूनच विचारलं, थांबू या का, दुसऱ्या लाइनवरून तुला कॉल बॅक करू का? सुवर्णा झटकन म्हणाली, ‘नो नो मॅम, इट्स ओके.’ त्या बाईंनी ‘ऑल राइट’ म्हटलं आणि पुढे गेल्या. अर्धे प्रश्न सुवर्णाला ऐकूच आले नाहीत. नोकरी हुकली.

मॅडमनी तिला रागावून नाही, अगदी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, नाही का म्हणालीस? ती रडत म्हणाली, ‘त्यांना खामखा कशाला तरास, असं वाटलं मॅडम. आन लगीच हाव म्हणणं बरं दिसतंय का? पुन्यांदा विचारतीलच की म्हणलं.’

त्या दिवशी मॅडमनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मराठीत एक ओळ लिहिली आणि ती पुन्हा कधी पुसली नाही. ‘ते एकदाच विचारतात.’ तेव्हापासून वर्गात कुणी सवयीनं ‘नो, नो’ म्हटलं की मॅडमचं एक बोट वर व्हायचं. हो म्हणायचं असेल तर पहिल्या झटक्यात म्हणा. तिकडं ‘नको’चा अर्थ नकोच असतो. हे ऐकलं तेव्हा मला आमची पहिली भेट आठवली आणि माझं मलाच हसू आलं. काही महिन्यांनी सुवर्णाची दुसरी मुलाखत झाली. तिथंही नेट अडखळलं, तिनं पहिल्याच हाकेला ‘येस प्लीज, कॉल मी बॅक’ म्हटलं आणि तिचं काम झालं. आता ती कानटोपी घातलेले फोटो पाठवते. नाक लाल झालेलं असतं, पण हसत असते.

मॅडमना एकच मुलगा, शिवानंद. नवरा एसटीत होता, तो मुलगा लहान असतानाच गेला. निलंग्याला गल्लीत मराठी, शेजारी कन्नड आणि घरात फक्त इंग्रजी, असा नियम करून त्यांनी त्याला वाढवलं. तो इंजिनियर झाला, नांदेडला नोकरीला लागला, विष्णुपुरीकडे त्यानं घर बांधलं. माय-लेक अजूनही आपसात इंग्रजीतच बोलायचे. फोन स्पीकरवर ठेवायची मॅडमची सवय, म्हणून मला त्यांचं सगळं बोलणं पाठ होतं. तो विचारी, गोळ्या पाठवून देऊ का. त्या म्हणत, नो, नो. तो विचारी, गुडघा दाखवायला टाइम फिक्स करू का. त्या म्हणत, नो, नो, आय विल सॉर्ट इट आउट. तो ‘ओके, आई’ म्हणायचा.

पावसाळा सरता सरता मालकानं इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं. आम्हाला जागा बघायला सांगितलं. मला दुसऱ्या गल्लीत जागा मिळाली. मॅडमनी कुठं जागा बघितली नव्हती. त्यांची राहायची खोलीही वरच्याच मजल्यावर होती, म्हणजे वर्ग आणि घर दोन्ही जाणार होतं. अशात एका सकाळी मी आलो तर जिन्याच्या वळणावर त्या बसलेल्या. एक पाय लांब केलेला, शेजारी पिशवीतनं सांडलेले टोमॅटो.

‘काय करूलालाव मॅडम, इथं जिन्यात?’

‘बसलेय जरा.’

गुडघा टरारून सुजला होता. कधीच्या बसल्या होत्या देव जाणे, पण वर-खाली जाणाऱ्या एकालाही त्यांनी हाक मारली नव्हती. मी हात पुढे केला. नको, उठते मी. पुन्हा केला. राहू द्या हो. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, सरळ दंडाला धरून उठवलं.

दवाखान्यातून आल्यावर चहा मागवला. त्या दिवशी त्यांनी पहिल्याच वेळी कप घेतला, आणि तेव्हाच मला वाटलं की आज काहीतरी बोलतील. म्हणाल्या, शिवानं नव्या घराची वास्तुशांत केली, तेव्हा जेवताना त्यानं विचारलं होतं. आई, व्हाय डोन्ट यू मूव्ह इन विथ अस? ‘मी म्हटलं, नो नो, आय विल कॅरी ऑन देअर.’

‘मग?’

‘मग काय. ओके म्हणाला. भाजी वाढली.’

‘पुन्हा विचारलं नाही?’

मॅडमनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलं. ‘मीच वाढवलंय त्याला इंग्रजीत,’ त्या म्हणाल्या. ‘ते एकदाच विचारतात.’

सगळ्या लातूरला मागायला शिकवलेल्या या बाईला मी तिचाच धडा सांगायचा म्हणजे कमाल होती, तरी सांगितला. म्हटलं, मग आता तुम्ही विचारा. मला घेऊन जा म्हणा. त्यांनी कप खाली ठेवला.

‘आईनं मागायचं, सर? लेकाच्या घरात जागा?’ आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात, ‘आणि त्याच्या मनात नसंल तर? रीत म्हणून एकदा विचारून मोकळा झाला असंल तर?’

एवढी भीती त्यांच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकाच वेळी.

त्यानंतरच्या आठवड्यातली दुपार. पलीकडे बॅच नव्हती. मी पोरांना लोलक समजावून देत होतो, तेवढ्यात प्लायवूडमागून एकटाच आवाज आला. ‘शिवा, कॅन यू कम अँड पिक मी अप?’ थोडं थांबून पुन्हा तेच, जरा हळू. मग जरा मोठ्यानं. मग ‘प्लीज’ लावून, मग ‘प्लीज’ काढून. वर्गातली पोरं जशी घोकायची, तसंच मॅडम घोकत होत्या. एरवी माझ्या मागच्या बाकावरून हमखास ‘येस, प्लीज’ आलं असतं. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

मग फोन लागल्याचा आवाज आला. मी खडू खाली ठेवला.

मॅडमनी एका दमात वाक्य म्हणून टाकलं. शिवानंदनं इंग्रजीतच विचारलं, शनिवार-रविवारसाठी का, आई?

‘नो,’ मॅडम म्हणाल्या. ‘विथ ऑल माय थिंग्ज.’ आणि लगेच, ‘विथ द माठ.’

मला वाटलं नेट गेलं. मग त्याचा आवाज आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मराठीत बोलत होता.

‘आई, तू तर नको म्हणली होतीस की.’

‘म्हणले होते,’ मॅडमही मराठीत आल्या. ‘मला वाटलं, तू पुन्हा विचारशील.’

‘अगं, मी रोज विचारावं म्हणून राहिलो. तुला क्लास सोडवत न्हाई, पुन्हा विचारलं तर चिडशील, म्हणून गप बसलो. ही बी रोज म्हणती, आईला आणा. तुझी खोली रिकामीच ठेवली हाय, आई. कुणाला झोपू देत न्हाई तिथं.’

मॅडमनी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. शिवानंद म्हणाला, ‘आयतवारी येतो. माठाला तू हात लावू नको. मी उचलतो.’

मी फळ्याकडे तोंड करून उगाच लोलकाची दोरी पुन्हा पुन्हा गिरवत राहिलो. वर्गात डोळे पुसायची सोय नसते.

रविवारी शिवानंद आणि त्याची बायको गाडी घेऊन आले. सामान फार नव्हतंच. माठ ओल्या फडक्यात गुंडाळून मागच्या सीटवर मॅडमच्या शेजारी ठेवला. जाण्याआधी त्या वर्गात एक फेरी मारून आल्या. फळ्यावरची ओळ पुसली का, हे मी विचारलं नाही. गल्लीतले लोक जमले होते. कुणी केळी दिली, कुणी शाल दिली, आणि मॅडमनी सगळं पहिल्या शब्दाला घेतलं. मी मात्र हातात उत्तरपत्रिकांचं गाठोडं धरून कडेला उभा होतो. माझं घर नांदेड रस्त्यालाच, बरंच पुढे. ऊन मी म्हणत होतं.

गाडी सुरू झाली. मॅडमनी काच खाली घेतली.

‘सर, कॅन वुई ड्रॉप यू ऑफ?’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नको नको, मी जातो की चालत.’

मॅडम हसल्या, शिवानंदला पुढे चल म्हणून खुणावलं आणि गाडी हलली. काच वर जाता जाता त्यांच्या हाताचं एक बोट वर झालेलं मला दिसलं. गाडी चौकात वळेपर्यंत ते तसंच वर होतं. मी उन्हात गाठोडं सावरत उभा राहिलो. मला खरं तर बसायचं होतं.